शिवेवरची पांढरी कोंबडी

उंबरापाडा उपकेंद्र
५ नोव्हेंबर २०२४

ममे,

खरंखुरं कागदाचं पत्र आहे. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. इथं फोनचा उपयोग फक्त टॉर्च म्हणून होतो. भीमसिंगची जीप सोमवारी आणि शनिवारी खिंडीपर्यंत येते, तिच्यातूनच टपाल जातं-येतं. खिंडीपासून उपकेंद्रापर्यंतचा रस्ता पावसात वाहून गेला तो तसाच आहे, त्यामुळे पुढचे दोन तास पायी. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून आठ जण खांद्यावरून खिंडीत नेतात. धानोऱ्याच्या सपाटीवर वाढलेल्या मुलीला सरकारनं अगदी निवडून जागा दिली बघ.

तू डोंगरातली, ती खाली नवापूरच्या दवाखान्यात, आणि मी खालची, ती तुझ्या डोंगरात. खिंडीच्या पलीकडे उतरलं की तुझं पिंपळपाणी, अलीकडे माझं उंबरापाडा.

खरं सांगू? मला भीती वाटते. दोन महिने झाले तरी वाटते. साडेचारलाच ऊन डोंगराआड जातं. माणसं आपापसात पावरी बोलतात, मला एक अक्षर कळत नाही, आणि कुणी हसलं की वाटतं मलाच हसताहेत. पाड्याची आशा कार्यकर्ती स्वतःच्या बाळंतपणाला माहेरी गेली आहे. ती असती तर दोन गोष्टी समजावून सांगितल्या असत्या. राहिला शिपाई चैत्या. त्याचं मराठी ‘हो सिस्टर’ आणि ‘नाही सिस्टर’ यापुढे जात नाही.

मग मी आपली ती जपानी कार्टून मालिका आठवत बसते. नर्सिंगच्या होस्टेलवरच्या पोरी तिला ‘उकळतं पाणी’ म्हणायच्या, कारण एका अख्ख्या भागात नायिका नुसती पाला उकळत बसते! ती परगावची औषधवाली पोर, तिच्यामागून लंगडत चालणारा पांढरा पक्षी आणि तिच्याशी न बोलणारं ते जपानी डोंगरातलं गाव. सातवा भाग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिची जादू म्हणजे काही चमचमती कांडी नाही. ती आजाऱ्याचं दुखणं ओंजळीत घेते आणि नदीपर्यंत चालत जाऊन सोडून येते, बस. मी उशी ओली केली होती. नऊ भाग झाले आणि नेमणुकीचा कागद आला. दहावा बघ आणि मला लिही. पाणी किती वेळ उकळलं तेसुद्धा लिही.

आता कामाचं. तुझ्या आश्रमशाळेतली रमिला इथं दिली आहे ना, गोकुळची बायको, तिला आठवा संपत आलाय. सिकलसेल आहे आणि हिमोग्लोबिन साडेपाच. साडेपाच, ममे! ती घरी बाळंत झाली तर वाचणार नाही, हे मला तळहातासारखं दिसतंय. गोकुळ दिवाळी झाल्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला. सासूकडे मी पंधरा चकरा मारल्या तेव्हा कुठे ती ‘हो’ म्हणाली. पंचवीस तारखेला झोळीतून खिंडीत, तिथून जीपनं नंदुरबारच्या सिव्हिलला. नोकरीत लागल्यापासून मी मिळवलेलं हे पहिलं ‘हो’ आहे.

आणि एक गंमत. काल पिंपळपाणीहून लसीकरण करून येताना खिंडीत, शिवेच्या दगडापाशी, एक पांढरी कोंबडी सापडली. पायाला लाल दोरा, दोरा एका वीतभर लाकडी गाडीला बांधलेला. पोरांनी खेळायला केली असेल. शेजारी मूठभर ज्वारी. उतारा असता तर मी वाट वाकडी केली असती, तेवढी मी शहाणी आहे. पण ना लिंबू, ना टाचण्या, ना बाहुली. कोंबडी उन्हात चोच उघडी टाकून पडली होती. तुला माहीत आहे, बर्ड फ्लूच्या वर्षी आमच्या शेडमधल्या सगळ्या कोंबड्या मारायला माणसं आली तेव्हा पप्पा म्हणाले होते, “घरमा जाय बेटा, इकडे देखू नको.” मी पाहिलंच. तेव्हापासून मरणारी कोंबडी माझ्याच्यानं बघवत नाही. दोरा सोडला, तिला गाडी आणि ज्वारीसकट पिशवीत घातलं आणि घेऊन आले. आता ती माझ्या मागे मागे फिरते, थेट मालिकेसारखी. चैत्यानं तिला पाहिलं आणि काहीतरी ओरडत पळाला. त्याच्या डोळ्यांसमोर रस्सा आला असणार.

तुझी
काजल


नवापूर
१३ नोव्हेंबर २०२४

काजल सिस्टरना डोंगरातल्या पोरीचा साष्टांग नमस्कार!

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते तुझ्याकडे बघूनच. माझ्या माणसांत राहून तुला भीती वाटते आणि मी इथं रोज हायवेच्या ट्रकांमधून रस्ता ओलांडते, त्याचं काही नाही. ती तुला हसत नाहीत. तुझं पावरी ऐकून हसत असतील तर तो त्यांचा हक्क आहे.

दहावा भाग पाहिला. ऐक. वादळानं औषधवालीच्या झोपडीचं छप्पर उडतं. ती एकटी वर चढून गवत शाकारते. गाव खाली उभं राहून बघतं, कुणी हात लावत नाही. वीस मिनिटं नुसतं गवत, दोरी, वारा. तुझ्या आवडीचा, म्हणजे काहीही न घडणारा. शेवटी एक म्हातारी येते, फडक्यात गुंडाळलेला गरम दगड पायरीवर ठेवते आणि न बोलता निघून जाते. औषधवाली तो दगड पोटाशी धरून झोपते. संपलं. माझ्या शेजारची सिस्टर म्हणाली, “यात कथा कुठाय?” मी म्हटलं, दगडात.

रमिलाचं वाचलं. आश्रमशाळेत ती माझ्या शेजारी झोपायची. सांधे दुखायला लागले की दातात चादर धरायची, पण रडायची नाही. तिला खाली नेच. तुझ्या पाया पडते, पंचवीस तारीख चुकवू नकोस.

कोंबडीचं म्हणशील तर कुणाची तरी चुकली असेल. जिथून आणलीस तिथं लगेच नेऊन सोड, उगाच चोरीचा आळ यायचा. घरात तर घेऊच नकोस, घाण करते. आणि गाव कसं आहे, सगळे बोलतात ना तुझ्याशी?

तुझी
ममता


उंबरापाडा
२२ नोव्हेंबर २०२४

ममता,

कुणी बोलत नाही.

तू विचारलंस म्हणून माझ्या लक्षात आलं असं नाही, आधीच आलं होतं, फक्त कागदावर लिहायचं धाडस नव्हतं. पाच तारखेनंतर उपकेंद्रात एकही माणूस आलेलं नाही. रजिस्टरची पानं कोरी आहेत. लहान मुलं मला पाहून आधी धावत यायची, आता त्यांच्या आया त्यांना दंडाला धरून आत ओढतात. चैत्या उंबरा ओलांडत नाही. पाण्याची कळशी अंगणाच्या टोकाला ठेवतो आणि मी दार उघडायच्या आत दूर जातो. परवा सकाळी उठले तर उपकेंद्राभोवती राखेची रेघ ओढलेली. गोल, पूर्ण, दारासमोरूनसुद्धा. मी ती पायानं पुसली आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा होती.

समोरच्या खडकावर दिवसभर दोन-तीन माणसं बसतात. आळीपाळीनं. काही करत नाहीत, माझ्या दाराकडे बघतात. त्यांच्याकडे काठ्या असतात. मालिकेत काही घडत नाही तेव्हा किती बरं वाटायचं. इथंही काही घडत नाही, आणि ते न घडणं माझ्या छातीवर बसलं आहे. मी दाराला आतून पलंग लावून झोपते. झोपते म्हणजे पडते.

वरच्या फळीतलं, म्हणजे वरच्या वस्तीतलं, एक दोन वर्षांचं लेकरू गेलं. ताप आणि धाप होती म्हणे. मला कुणी बोलावलं नाही. माझ्या कपाटात औषध होतं, ममता, मी चालत अर्ध्या तासावर होते.

रमिलाकडे मी चार वेळा गेले. तीन वेळा दार बंद. चौथ्यांदा सासू दारात उभी राहिली, हातात विळा. माझ्यावर उगारला नाही, नुसता धरला होता. आतून रमिला खोकत होती. मी ओरडून सांगितलं की पंचवीस तारीख तीन दिवसांवर आली. सासूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या पायांकडे पाहिलं. झोळी उचलायला येणार होते त्या आठ जणांपैकी एकानंही मला वाट दिली नाही. शनिवारी तोरणमाळला जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मनाविरुद्ध कुणाला उचलून आणता येत नाही, तुम्हीच समजवा. कुणाला समजवू? भिंतीला?

मी काय केलं? खालून आले म्हणून? खालची तर मी पहिल्या दिवसापासून आहे. की मी कुणाला चुकीचं इंजेक्शन दिलं? सगळी नोंद तीनदा तपासली, काही सापडत नाही.

कोंबडी तेवढी जवळ आहे. तू सोड म्हणालीस, पण मालक कुणी आलाच नाही, आणि आता तिच्याशिवाय माझ्याकडे बघणारं दुसरं कुणी नाही. काल तिनं अंडं घातलं. मी राजीनामा लिहून ठेवला आहे, तारीख तेवढी टाकायची आहे. पण मी गेले तर रमिला गेलीच.

मला खूप भीती वाटते. लवकर लिही.

काजल


नवापूर
२८ नोव्हेंबर २०२४

काजल,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. उद्या बसनं शहाद्यापर्यंत जाऊन भीमसिंगच्या हातात देते. शनिवारी खिंडीतून ते तुझ्याकडे येईल. उभ्यानं वाचू नकोस, बसून वाच.

ती कोंबडी कुणाची चुकलेली नाही. मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं.

पाड्यात ताप-खोकला फिरायला लागला की पुजारा, म्हणजे पाड्याचे विधी करणारा, सांगतो, मग वीतभर गाडी करतात. घराघरातून चिमूटभर ज्वारी येते, आजाऱ्याच्या हातानं. पांढरी कोंबडी बांधतात आणि गावचा रोग तिच्यावर घालून शिवेवर ठेवून येतात. पुढचं गाव तिला तिथून आपल्या पुढच्या शिवेवर नेतं. असं करत करत रोग डोंगर उतरून जातो. उंबरापाड्यानं आपल्या लेकरांचा ताप गावाबाहेर नेऊन ठेवला होता, काजल. आणि तू तो पिशवीत घालून परत आणलास, तोही दवाखान्यात.

आता तुला सगळं कळेल. राखेची रेघ रोग बाहेर पडू नये म्हणून. खडकावरची माणसं कोंबडी पाड्यात शिरू नये म्हणून. आणि बोलत नाहीत, कारण रोग उचलणाऱ्याशी जो बोलेल त्याच्या दारात तो जातो असं मानतात. तुझ्या पायांकडे सासूनं का पाहिलं तेही कळेल. ज्या पावलांनी रोग आणला त्या पावलांबरोबर ती पोटुशी सून कशी पाठवेल?

मग मी तेव्हाच का लिहिलं नाही? चोरीबिरीचं खोटं कारण का दिलं? सांगते. दुसऱ्या वर्षी मेसमध्ये मी तुम्हाला हे सगळं सांगितलं होतं. माझ्या भावाला ताप होता तेव्हा माझा बाप अशीच गाडी घेऊन शिवेवर गेला होता. तू म्हणालीस, “म्हणजे रोगालापण तिकीट काढून बसवता?” सगळं टेबल हसलं. सगळ्यात मोठ्यानं तू. महिनाभर पोरी मला ‘कंडक्टर’ म्हणत होत्या. तुला आठवतसुद्धा नसेल. त्यानंतर दोनच महिन्यांनी आपण सातवा भाग पाहिला. एक जपानी पोर तेच करत होती, दुखणं घेऊन चालत शिवेपार, नदीपाशी. तू उशी भिजवलीस. मी शेजारच्या कॉटवर होते. मला वाटलं, आता ही म्हणेल, ममे, हे तर तुमच्याकडचंच. तू नाही म्हणालीस. कार्टूनमधल्या पोरीनं केलं तेव्हा तुला रडू आलं, माझ्या बापानं केलं तेव्हा हसू.

म्हणून मी लिहिलं नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, कोंबडी परत ठेवली की प्रश्न मिटला, पुन्हा हसायला कशाला द्यायचं? माझ्या त्या मुठीपायी रमिला घरात अडकली आहे. मला चार दिवस जेवण गेलेलं नाही.

आता काय करायचं ते लिहिते. ज्यानं रोग उचलला त्यानंच तो शिवेवर न्यायचा. सोमवारी ऊन वर आल्यावर निघ, सगळ्या पाड्याला दिसशील अशी, अनवाणी. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. आणि मागं वळून पाहायचं नाही. हाक आली, दगड पडला, काही झालं तरी नाही. वळलीस तर रोग मागच्या वाटेवर उतरतो आणि मग तुला त्या पाड्यात कुणी पाणीसुद्धा देणार नाही. शिवेवर माझा बाप, बाज्या, उभा असेल. भीमसिंगकडे निरोप देतेय. तो विचारेल त्याचं खरं उत्तर दे.

मीही नर्स आहे, ताप कशानं येतो मला शिकवू नकोस. पण तुला मिळालेलं ‘हो’ कशानं गेलं तेही मला माहीत आहे.

माणसं तुला काही करणार नाहीत असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. पण एक लेकरू गेलंय. त्याच्या बापाच्या मनात काय आहे ते मला इथून दिसत नाही. मलाही भीती वाटते, काजल.

ममता


३० नोव्हेंबर, शनिवार

ममता,

चैत्यानं तुझं पाकीट अंगणातल्या दगडावर ठेवलं. उत्तर तिथंच ठेवतेय. भीमसिंग खिंडीत थांबला असेल तर चैत्या ते त्याला देईल.

तुझा इतका राग आलाय की पेन चालत नाही. सतरा दिवस! एका हसण्याची एवढी किंमत? आणि मग मेसचं ते टेबल आठवलं आणि माझं तोंड मलाच बघवेना. आठवतं मला. ‘कंडक्टर’ हे नावसुद्धा मीच पाडलं होतं, ते तू लिहिलं नाहीस.

पंचवीस तारीख गेली. कुणी आलं नाही. रमिलाचे दिवस भरत आलेत.

सोमवारीच निघते, त्या दिवशी भीमसिंगची जीपही खिंडीत असते. पप्पांना काही कळवू नकोस. पण बुधवारपर्यंत माझा निरोप आला नाही तर कळव.

काजल


नंदुरबार
६ डिसेंबर २०२४

ममे,

मंगळवारी फोनवर ‘मी सुखरूप आहे’ एवढंच कळवलं, बाकीचं क्रमानंच सांगते, नाहीतर मला सांगता येणार नाही.

सोमवारी नऊ वाजता ऊन अंगणात आलं. चपला आत ठेवल्या, कोंबडी छातीशी धरली, गाडी आणि ज्वारी ओटीत घेतली आणि राखेच्या रेघेवरून बाहेर पडले. खडकावरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, आता खाली उतरतील. उतरली नाहीत. पाड्यातून जाताना प्रत्येक दारात माणूस उभं होतं आणि प्रत्येकानं माझ्याकडे पाठ केलेली. एवढी माणसं आणि एक आवाज नाही. कोंबडीचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं, का माझंच, ते मला सांगता येणार नाही.

शेवटचं घर मागे पडलं आणि मागून पावलं ऐकू आली.

एका माणसाची नव्हती, दोघांची तरी. मी चालले की चालत, थांबले की थांबत. मला त्या मेलेल्या लेकराचा बाप आठवला. पुढे ओढ्याची घळ आहे, तुला माहीत आहे, तिथं दिवसासुद्धा कुणाला काही दिसत नाही. मी मनात म्हटलं, घळीत. मालिकेत ती दुखणं घेऊन चालते तेव्हा मागे बासरी वाजते. इथं फक्त श्वास ऐकू येत होता. जड, घरघरता, दम लागलेल्या माणसाचा, आणि तो जवळ जवळ येत होता. माझ्या मानेवरचे केस उभे होते. घळ आली. मी डोळे मिटले आणि चालले. दगडावर पाय कापला, रक्त आलं, तरी चालले. घळ संपली, काही झालं नाही, आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. म्हटलं, आता चढावर.

पहिल्यांदा वळणार होते ते तिथं, चढाच्या सुरुवातीला. मान निम्मी फिरली होती. कोंबडीनं पंख झाडले आणि मी सावरले. दुसऱ्यांदा एक मोठा दगड गडगडत माझ्या बाजूनं खाली गेला तेव्हा.

तिसऱ्या वेळचं तुलाच सांगू शकते, कारण तू नर्स आहेस. मागं कुणीतरी पडलं. गुडघ्यावर, धप्पकन. आणि कण्हलं. दात आवळून, घशातल्या घशात. ममे, नर्स झाल्यापासून कण्हणं ऐकून मी वळले नाही अशी ही पहिलीच वेळ. माझं सगळं अंग मागे ओढत होतं. मी स्वतःला सांगत होते, ही युक्ती आहे, तुला वळवायला कण्हताहेत. आणि दुसरं मन म्हणत होतं, युक्ती नसली तर? मी उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. रडत होते, ते मला ओठ खारट लागले तेव्हा कळलं. मग मागची पावलं पुन्हा उठली, आणि मी निघाले.

खिंडीत तुझे वडील एकटेच उभे होते. डोक्याला फडकं, हात पुढे केलेले. त्यांनी कोंबडी लगेच घेतली नाही. आधी विचारलं, “कोण बिमार?”

मी म्हटलं, “मी आणलंय ते कुणाचं आजारपण नाही.”

“मग काय आणलं?”

“माझी चूक.”

त्यांनी दोन्ही हातांनी कोंबडी घेतली, आपल्या लेकराला घेतात तशी, गाडीला बांधली आणि शिवेच्या दगडापलीकडे ठेवली. म्हणाले, “आता बघ.”

मी वळले.

मागं कुणी काठीवाला नव्हता. दहा पावलांवर रमिला दगडाला टेकून बसली होती. मांडीवर गाठोडं, गुडघा फुटलेला, ओठ कागदासारखे पांढरे. शेजारी तिची सासू, एका हातानं तिला धरून. बस, दोघीच. झोळी उचलायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती दिवस भरलेली पोर साडेपाच हिमोग्लोबिनवर दोन तास डोंगर चढून आली होती, माझ्या मागून. मी धावले. तिची नाडी लागेना, लागली तेव्हा मोजवेना. मी तिच्यावर ओरडले, सासूवर ओरडले, तुझ्या वडिलांवरसुद्धा. तुझे वडील आणि भीमसिंग यांनी तिला उचलून जीपमध्ये घातलं. घाटात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी प्रत्येक वळणाला तिला जागी ठेवायला तुझं नाव घेत होते, आश्रमशाळेतल्या गोष्टी विचारत होते. पाचव्या वळणानंतर तिनं उत्तर द्यायचं थांबवलं. इतकी भीती मला घळीतही वाटली नव्हती.

सिव्हिलमध्ये रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. परवा संध्याकाळी मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅम. रमिला जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात अजून दोन दिवस बघू, पण काल तिनं भाकरी मागितली. सासू कॉटखाली झोपते आणि मला चहा आणून देते, बशी झाकून. माझ्याशी बोलते, मला निम्मं कळतं.

तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. माझा माझ्यावरचाही नाही. भेटलीस की दोघी मिळून रडू, मग भांडू. पण आज तुला एकच सांगायचं होतं. काल रमिलाजवळ बसले होते. मी म्हटलं, “अगं, मागून तूच होतीस तर एक हाक तरी मारायचीस. मी भीतीनं मेले. तू पडलीस तेव्हा तरी!”

ती बाळाकडे बघत होती. म्हणाली, “हाक मारली असती तर तू वळली असतीस, सिस्टर. आणि तू वळली असतीस तर सासूनं मला तिथूनच घरी नेलं असतं.”

काजल